भाऊजींना जागा पसंत पडेना

आमचे भाऊजी चष्म्याचं दुकान चालवतात. पण शहरात त्यांचं नाव निघतं ते दारूच्या संदर्भात. यात त्यांची बदनामी करण्याचा हेतू नाही, ही कीर्ती त्यांनी स्वतःच कमावली आहे. माणसं दुकानात येतात, सैल झालेली फ्रेम घट्ट करून घेतात आणि जाता जाता आवाज खाली आणून विचारतात, "आज चौघं आहोत. संध्याकाळी निवांत बसायचंय. कुठं जावं?" मग भाऊजी हातातलं फडकं खाली ठेवतात, स्वतःचा चष्मा कपाळावर चढवतात आणि इतक्या गंभीर चेहऱ्यानं विचारात पडतात की समोरच्याला वाटावं, आपल्याला मोतीबिंदूच निघाला.

"चौघं म्हणजे कोण कोण?" ते विचारतात. "एकमेकांशी बोलणारे, की नुसते शेजारी बसणारे? कुणाची पाठ दुखते का? कुणाला कमी ऐकू येतं का? कुणाला कुणाची माफी मागायचीय का?"

एवढी चौकशी तर सोयरीक जुळवतानाही कुणी करत नाही. बिचाऱ्या गिऱ्हाइकाला फक्त दोन घोट घ्यायचे असतात. पण तो निमूटपणे सगळी उत्तरं देतो, कारण त्याचा चष्मा अजून भाऊजींच्या हातात असतो.

मी त्यांचा मेहुणा. म्हणजे त्यांची बायको ही माझी थोरली बहीण, आणि भाऊजींच्या चोखंदळपणाचा त्रास मी ताईच्या लग्नापासून सोसत आलो आहे. माझी नोकरी सरकारी, त्यामुळे बसण्याच्या बाबतीत माझाही थोडाफार अधिकार आहे. माझं मत असं की खुर्ची मोडकी नसावी, ग्लास गळका नसावा आणि बिल दुसऱ्यानं द्यावं. याउपर बारमध्ये बघण्यासारखं काही नसतं. भाऊजींना हे मत म्हणजे नंबर न काढता चष्मा घेण्यासारखं वाटतं.

नंबर काढण्याची त्यांची पद्धत मात्र एकदा अनुभवावी अशी आहे. माणसाच्या नाकावर ते ती जड, गोल फ्रेम चढवतात, तिच्यात एकेक काच सरकवतात आणि विचारतात, "हे बरं की मघाचं?" माणूस म्हणतो, "हे." भाऊजींचा विश्वास बसत नाही. काच काढतात, फिरवतात, पुन्हा घालतात. "नीट बघून सांगा. हे... की हे?" तिसऱ्या खेपेला माणसाचाच स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. तो कंटाळून म्हणतो, "अहो, दोन्ही सारखंच दिसतंय!" तेव्हा कुठं भाऊजी समाधानानं मान हलवतात आणि नंबर लिहून घेतात. त्यांचं म्हणणं असं की पहिलं उत्तर माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून देतो.

बारही ते असेच निवडतात. एकात बसायचं, अर्धा ग्लास घ्यायचा, उठून दुसऱ्यात जायचं, तिथं अर्धा घ्यायचा आणि मग सगळ्यांना विचारायचं, "हा बरा की मघाचा?" ताईच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आम्ही अशी एक संध्याकाळ दोन बारमध्ये वाटून घेतली होती. खाणं मागवलं पहिल्यात. ते आलं तेव्हा आम्ही दुसऱ्यात होतो. तुलना करायला परत पहिल्यात गेलो, तोवर शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी आमच्या ताटल्या चाटूनपुसून स्वच्छ केल्या होत्या. ताईनं घरी येऊन कोरडा पाव खाल्ला. भाऊजींनी निकाल दिला, पहिला बरा.

उंच स्टुलांचा त्यांना तिटकारा. "माणूस बसायला येतो, टांगून घ्यायला नाही," असं ते बारच्या मालकाला तोंडावर सांगतात. टेबलावर मेणबत्ती दिसली की वेटरला काळजीनं विचारतात, "वीज गेलीय का?" वाईन मागवण्याआधी ते रिकामा ग्लास मागवतात आणि त्यात नाक खुपसून हुंगतात. फडक्याचा वास आला की ग्लास परत. वेटर लोक त्यांना ओळखून आहेत. ते दारात दिसले की काउंटरमागचा माणूस घाईघाईनं फडकं घेऊन ग्लास पुसायला लागतो, आणि नेमका तिथंच फसतो. कॉकटेलमध्ये काय आहे हे ते नंतर बघतात, आधी बर्फ उजेडात धरतात. बर्फ मोठा आणि आरपार दिसणारा हवा. बारका बर्फ घालणारा बारटेंडर हा त्यांच्या लेखी पाणी विकणारा इसम.

आणि हल्लीची कॉकटेलं! ग्लासावर काचेची घुमटी ठेवायची, आत धूर कोंडायचा, वर एक जळकी काडी खोचायची आणि या सगळ्या आगीला 'मावळतीचा पश्चात्ताप' असं नाव द्यायचं. पश्चात्ताप बिल आल्यावर होतो, त्यात मावळतीचा काही दोष नाही. पण भाऊजी त्या घुमटीतही वाकून बघतात आणि म्हणतात, "घुमटीवर बोटांचे ठसे आहेत." स्वतः पितात म्हणाल, तर एका ग्लासात त्यांची अख्खी संध्याकाळ निघते, आणि त्यातही घोटभर तळाशी उरतं. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच.

तरीही लोक त्यांनाच विचारतात, कारण त्यांनी सांगितलेली जागा सहसा चुकत नाही. त्यांची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे एका जुन्या छापखान्याच्या इमारतीतला छोटासा वाईन बार, आणि त्यातही आतल्या बाजूचा कोपरा. तिथं भिंत पाठीशी येते, उजेड खांद्यामागून येतो आणि गाण्याचा आवाज असा, की आपलं बोलणं समोरच्याला ऐकू जातं पण शेजारच्याला नाही. "त्या कोपऱ्यात बसलं की माणसाला मनातलं बोलल्यावाचून राहवत नाही," असं भाऊजींचं ठाम मत. आमच्या दातांच्या डॉक्टरांना लग्नाची मागणी घालायची होती तेव्हा भाऊजींनी त्यांना तिथंच धाडलं. डॉक्टरांनी मनातलं सांगितलं. त्या बाईंनीही मनातलं सांगितलं, म्हणजे नाही म्हणाल्या. दोघंही भाऊजींचे आभार मानतात, अर्थात वेगवेगळे येऊन.

तर अशा या माणसाला एकच मुलगी. माझी भाची. डोळ्यांचं रीतसर शिक्षण घेऊन ती दुकानात येऊन बसली, तेव्हा भाऊजींना आकाश ठेंगणं झालं. दुकानातली तिची खुर्ची निवडायला त्यांनी तीन आठवडे घेतले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "आता मला काळजी नाही. माझ्यामागं ही आहे." ज्याला फक्त स्क्रू बसवून हवा होता त्यालाही सांगत.

आणि त्या भाचीनं एका दुपारी माझ्या ऑफिसात येऊन मला सांगितलं की तिला नोकरी लागली आहे. विमानानं जावं लागेल इतक्या लांबच्या शहरात, कॅमेऱ्याची भिंगं बनवणाऱ्या कंपनीत. हवी होती तशीच. उद्या सकाळी होकार कळवायचा होता.

"मग कळव की," मी म्हणालो. सरकारी माणसाला दुसऱ्यांच्या निर्णयांची भीती वाटत नाही.

"बाबांना सांगितल्याशिवाय नाही कळवणार."

"मग सांग की."

"कुठं सांगू मामा? दुकानात सांगितलं तर ते काचा पुसत बसतील आणि वर बघणारच नाहीत. घरी सांगितलं तर आई पुन्हा रडेल, मग ते आईची समजूत काढतील आणि माझं राहूनच जाईल." तिचे डोळे भरून आले. "त्यांना एकदा नीट समोर बसवून सांगायचंय. आईला मी कालच सांगितलं. आज आपण चौघं बाहेर जातोय. मी बाबांना म्हटलंय, जागा तुम्ही निवडा."

मी कपाळावर हात मारला. शिकलेली पोर, पण अक्कल गहाण टाकलेली. भाऊजींना जागा निवडायला सांगून त्यांच्याशी बोलण्याची वेळ ठरवणं म्हणजे नदी आटल्यावर पलीकडं जाऊ असं ठरवणं.

"तू फक्त त्यांना बसवून ठेव," ती म्हणाली. "बाकीचं मी बघते."

मी मामा पडलो. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थेट छापखान्यातल्या बारवर गेलो. मालकाच्या मागं लागून तो कोपरा राखून ठेवला. टेबल किंचित डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला. खिडकीतून वाऱ्याची झुळूक येत होती, ती खिडकी लावून घ्यायला लावली. ग्लास नुसत्या गरम पाण्यातून काढून पालथे घालायला सांगितले, फडकं लावाल तर खबरदार म्हणून बजावलं. मालक म्हणाला, "साहेब, कोण मोठी असामी येतेय?" मी म्हणालो, "चष्मेवाले." तो बिचारा स्वतः उठून दिव्याची काच साफ करायला लागला.

संध्याकाळी आम्ही चौघं निघालो. ताईनं टाचेच्या नव्या सँडल घातल्या होत्या, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की आपण जाऊन बसणार आहोत. भाची म्हणाली, "बाबा, छापखान्यातच जाऊ या ना सरळ." भाऊजी म्हणाले, "जाऊ की. पण आधी एखादी दुसरी बघू. तुलनेला काहीतरी नको का?"

पहिली जागा एका इमारतीच्या गच्चीवर होती. खाली शहराचे दिवे लागत होते, वर बरा वारा होता, कोपऱ्यात पाठ असलेल्या खुर्च्याही होत्या. मला तर तिथंच मुक्काम ठोकावासा वाटला. आम्ही बसलो, वेटर मेन्यू ठेवून गेला आणि भाचीनं घसा खाकरला. "बाबा, मला तुमच्याशी—"

"वारा बघ किती सुटलाय," भाऊजी ताडकन उठून म्हणाले. "मेन्यूची पानं उडतायत."

मेन्यू एका पुठ्ठ्याचा होता. त्याला पानं नव्हती. पण भाऊजी तोवर लिफ्टपाशी पोचले होते.

दुसरी जागा तळघरात. धुराच्या कॉकटेलांसाठी प्रसिद्ध. अंधार असा की वेटर जवळ आला ते त्याच्या अत्तरावरून कळलं. भाऊजींनी आम्हाला तिथं नेलं याचंच मला नवल वाटलं, कारण अशा जागेची शिफारस त्यांनी शत्रूलाही केली नसती. बसलो. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी ग्लासावरची घुमटी उचलली गेली आणि आम्ही चौघंही खोकलो. खोकला थांबल्यावर भाची म्हणाली, "बाबा, ऐका ना, एक गोष्ट—"

"तुला मेन्यू वाचता येतोय का?"

"मेन्यू राहू दे हो बाबा."

"राहू दे कसं? या उजेडात डोळ्यांची वाट लागेल. चला."

"अहो, आत्ता तर बसलो!" ताई म्हणाली.

"अगं, तेच तर. फार वेळ गेला नाही तोवर निघालेलं बरं."

तिसऱ्या वाईन बारमध्ये एक टाय लावलेला गृहस्थ बाटली बाळासारखी कडेवर घेऊन आला आणि त्या वाईनमध्ये ओलं लाकूड, जुनं चामडं आणि किंचित तंबाखू सापडेल असं सांगू लागला. या वस्तू आमच्या ऑफिसातल्या पाण्याच्या टाकीत सापडल्या होत्या तेव्हा आम्ही रीतसर तक्रार केली होती. भाऊजी एरवी अशा माणसाला दोन वाक्यांत गप्प करतात. त्या दिवशी मात्र ते त्याला प्रश्न विचारत सुटले. चामडं कुठल्या प्रकारचं? लाकूड किती ओलं? तो गृहस्थ हरखून गेला, त्याला असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. भाची मधल्या विरामाची वाट बघत राहिली. विराम मिळाला. ती म्हणाली, "बाबा," आणि भाऊजींनी रिकामा ग्लास हुंगला.

"फडकं," ते म्हणाले आणि उठले.

रस्त्यावर ताई लंगडायला लागली होती. मी मनातल्या मनात भाऊजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो, पण हातचा हुकमी एक्का माझ्याकडं होता. "आता मुकाट्यानं छापखान्यात," मी म्हणालो. त्यांनी रस्त्याच्या पलीकडं, मग आकाशाकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं. चला."

मालकानं आम्हाला कोपऱ्यात नेऊन बसवलं. भाऊजींनी टेबलावर हात टेकून दाबून बघितलं. हललं नाही. खुर्चीत मागं रेलून बघितलं. पाठ टेकली. ग्लास हुंगला. काही नाही. पुन्हा हुंगला. दिव्याकडं बघितलं, काच लख्ख. खिडकीपाशी तळहात धरला, वारा नाही. गाणं हळू चाललं होतं. मी मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. भाचीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि ती थोडी पुढं झुकली.

तेव्हा मी भाऊजींच्या चेहऱ्याकडं बघितलं. ते घाबरले होते. थट्टेनं म्हणत नाही. दात काढण्याच्या खुर्चीत बसलेला माणूस जसा दरवाजाकडं बघतो, तसे ते बघत होते. कपाळावर घाम होता आणि तो पुसायला त्यांनी चष्मा काढला.

"इथं काही खोट नाही," ते पुटपुटले.

"मग झालं तर!" ताई म्हणाली. "मागवा आता."

"तेच म्हणतोय मी. काहीच खोट सापडत नाही म्हणजे काहीतरी लपवलेलं असणार." आणि ते उठले. स्वतःच्या लाडक्या कोपऱ्यातून, अर्ध्या शहराला जिथं पाठवलं तिथून, हा माणूस उठून चालता झाला. मालक ग्लास हातात धरून नुसता बघत राहिला.

चोराच्या मनात चांदणं. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. त्यांना बार नापसंत नव्हता, बसणं नको होतं. बसलं की ती बोलणार, हे त्यांना पहिल्या गच्चीपासून ठाऊक होतं. आणि मी शहाणा, त्यांना पळायला जागा राहू नये म्हणून टेबलाखाली पुठ्ठे सरकवत बसलो होतो.

बाहेर शिलाई मशीनचं एक दुकान बंद झालं होतं. ताई त्याच्या पायरीवर बसली, दोन्ही सँडल काढून शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "मी इथून हलणार नाही."

"अगं, लोक बघतायत," भाऊजी म्हणाले.

"बघू देत. सगळ्यांना चांगल्या जागा दाखवल्यात, आता ही पायरीही बघू देत." ताईचा आवाज चढला होता. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? तिला काय बोलायचंय ते तुम्हाला माहितीये. मला माहितीये की तुम्हाला माहितीये. पोरीला किती फिरवाल?"

भाऊजी उभेच राहिले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, प्रत्येकीचा दिवा त्यांच्या तोंडावरून सरकत जाई. भाची त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मला नोकरी लागलीय," ती म्हणाली. "लांब आहे. दुकानात नाही येणार मी आता."

एक ट्रक गेला.

"केव्हा जायचंय?" भाऊजींनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात. उद्या कळवायचंय." ती रडायला लागली होती. "तुम्हाला कसं कळलं?"

"महिना झाला, तू माझ्याशी भांडली नाहीस. आधी प्रत्येक गिऱ्हाइकामागं भांडायचीस. ही फ्रेम जुनाट आहे, तुम्ही तेच तेच विचारता, असं करू नका, तसं करू नका. मग एकदम मी म्हणेन ते हो. दुकानात राहायचं असतं तर भांडली असतीस."

"मग बोलला का नाहीत?"

भाऊजींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. हे ते कुणालाही करू देत नाहीत, शर्टानं काचेला चरे पडतात. "तू तोंडानं बोलली नव्हतीस तोवर तू माझ्या दुकानात होतीस," ते म्हणाले. "आजची संध्याकाळ तशीच जावी असं वाटत होतं. अजून एकच."

मला काहीतरी टोचून बोलायचं होतं, अशा वेळी मला ते हमखास सुचतं. मी ताईच्या सँडल सरळ करून ठेवल्या.

"मी नाही म्हणून कळवू का?" भाचीनं विचारलं. खरोखरच विचारलं तिनं. त्यांनी होकारार्थी मान हलवली असती तर तिनं सकाळी तसं कळवलं असतं, आणि ही गोष्ट तिथं असलेल्या चौघांनाही समजत होती. ताईनं माझा हात घट्ट धरला.

भाऊजी एकदम उखडले. "वेड लागलंय का तुला? नाहीच म्हणायचं होतं तर आईच्या पायांचं हे असं कशाला करून ठेवलंस? जायचं म्हणजे जायचं. दुकान मी एकट्यानं चालवलंच होतं ना इतकी वर्षं? तेव्हा काय गिऱ्हाइकं आंधळी फिरत होती?" त्यांनी तिला जवळ ओढलं, आणि ती उंच मुलगी कमरेत वाकून त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. बाजूनं जाणारं एक जोडपं वळून वळून बघत गेलं. ताई पायरीवरूनच म्हणाली, "हात पुरत नाहीत माझे, इकडं या दोघं," आणि तीही रडली. मी शिलाई मशीनच्या दुकानाची पाटी फार बारकाईनं वाचली.

मग भाऊजींनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आता तू निवड. कुठं बसायचं ते."

तिनं समोर बघितलं. रस्त्याच्या पलीकडं एक बार होता, ज्याच्या दारावर जांभळा दिवा लुकलुकत होता आणि आतून ढोल बडवल्यासारखं संगीत येत होतं. वर्षानुवर्षं त्या रस्त्यानं जाताना भाऊजी फूटपाथ बदलत. "तो," ती म्हणाली. मला वाटतं तिनं फक्त आईला कमी चालावं लागेल एवढंच बघितलं.

आत उंच स्टुलं होती. नुसती उंच नाहीत, गोल फिरणारी. भाऊजी दोन वेळा प्रयत्न करून वर चढले आणि पाय लोंबकळत बसले. बारटेंडरनं त्यांच्यासमोर बारीक बर्फानं शिगोशीग भरलेला, कडेला साखर लावलेला एक निळा प्रकार ठेवला. त्यात छत्री होती. त्यांनी छत्री काढून ताईला दिली आणि एक मोठा घोट घेतला. मी डोळे मिटून घेतले.

"तिथं राहायची सोय कशी आहे?" ते भाचीला ओरडून विचारत होते, कारण साधं बोललेलं ऐकू येत नव्हतं. "खोलीत उजेड येतो का? काम सगळं बारीक असणार, डोळ्यांना विश्रांती द्यायची. बरोबर कोण आहे ओळखीचं?"

"कुणी नाही अजून!"

"मग संध्याकाळी काय करशील?"

खोलीचा, प्रवासाचा, कपड्यांचा विचार तिनं केला असेल, पण संध्याकाळचा केलेला दिसत नव्हता. भाऊजींनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ते तिला काहीतरी सांगू लागले. या वेळी ओरडून नाही, तिच्या कानाशी वाकून. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. ती मान डोलवत होती, मध्येच हसत होती, मध्येच नाक पुसत होती. मग ती भांडल्यासारखं काहीतरी म्हणाली आणि भाऊजी खळखळून हसले. दोन्ही स्टुलं थोडी थोडी फिरत होती.

ताईनं दोन गाणी होऊ दिली. मग तिनं सँडल हातात घेतल्या, पायांकडं बघितलं आणि भाऊजींचा दंड हलवला. "चला आता. उद्या दुकान उघडायचंय तुम्हाला."

भाऊजींनी तिच्याकडं वळूनही बघितलं नाही.

"बसू गं अजून थोडा वेळ," ते म्हणाले. "जाणारच आहे ती."